सगळंच ‘पित्त’ नसतं

वय ४८. रोज दात घासताना उमासे येतात, डोळे पाणावतात, पडत काहीच नाही. पित्त असेल का?

ब्रश जिभेवर कुठपर्यंत जातो, ते आधी आरशात बघा. घशाच्या मागच्या भागाला काही लागलं की उबळ येणारच. तो शरीराचा पहारा आहे. पोट रिकामं, म्हणून काही पडत नाही; पडलंच तर चमचाभर आंबट पाणी. ते जठरातलं आम्ल. खरं पित्त यकृतात तयार होतं, पिवळं-हिरवं आणि कडू असतं. तरी लोक ‘पित्त पडलं की मोकळं वाटतं’ म्हणून घशात बोटं घालतात. तेवढं नका करू, अन्ननलिका सोलवटते आणि दातही झिजतात. जीभ पुढूनच घासा. मिश्री-तंबाखू किंवा रात्रीची दारू असेल, तर खरा आरोपी तिथेच शोधा. जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. गिळताना अडकत असेल किंवा वजन उतरत असेल, तर एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं आतली तपासणी, टाळू नका.

सुनेला तिसरा महिना. फोडणीच्या वासानंही उमासे येतात. ‘डोहाळे आहेत, सोसायचं’ असं सगळे म्हणतात.

सोसायचं कशाला? उठण्याआधी अंथरुणातच मूठभर कुरमुरे किंवा खाखरा द्या, मग दर दोन तासांनी थोडं थोडं. फोडणी काही दिवस दुसऱ्या कुणी घालावी. मळमळीवरची डॉक्सिलामिन आणि बी-६ जीवनसत्त्वाची गोळी गरोदरपणात चालते; तिच्या डॉक्टरांना विचारा. घोटभर पाणीही टिकत नसेल, लघवी कमी नि गडद होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी सुरू झाल्यापासून मळमळतं. बंद करू?

मनानं नको. जेवणासोबत घ्या. तरी त्रास राहिला तर हळूहळू विरघळणारी गोळी मिळते, डॉक्टरांना ती मागा.

वडील ६५, मधुमेह आहे. परवा अर्धा तास कोरडे उमासे, दरदरून घाम. सोडा प्यायल्यावर बरं वाटलं. छातीत दुखलं नाही. काळजीचं आहे का?

आहे. मधुमेहींना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखेलच असं नाही. कधी नुसती मळमळ आणि घाम असतो. सोड्यानं बरं वाटलं, यावर विसंबू नका. आजच ईसीजी काढा. पुन्हा तसंच झालं तर सोडा शोधत बसू नका, १०८ला फोन लावा.