कादंबरीतला गड आणि पायाखालचा गड

ऐतिहासिक हेरकथा आणि शोधकथा यांविषयीचा लेख आम्ही गेल्या अंकात छापला आणि त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत वाचनापेक्षा प्रवासाचीच विचारणा होती. कादंबरी संपली की ती जिथे घडली ती जागा पाहावीशी वाटते, आणि तिथे गेल्यावर आपल्यामुळे त्या जागेचे काही बिघडू नये अशी काळजीही वाटते. ही काळजी करणारे वाचक आम्हाला लाभले याचा मनापासून आनंद आहे. चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : बहिर्जी नाईकांच्या हेरगिरीवर आधारलेली एक कादंबरी आमच्या वाचनगटाने एकत्र वाचली. आता जुलैमध्ये पन्हाळगड ते पावनखिंड हा मार्ग पायी चालण्याचे ठरले आहे. आम्ही चाळीस जण आहोत. निसर्गाला त्रास न देता हे कसे करावे?
*एक शिक्षिका, सांगली*

उत्तर : सर्वप्रथम चाळीसचा आकडा कमी करावा, किंवा दहा-दहांचे गट पाडून वेगवेगळ्या आठवड्यांत जावे. सिद्दी जौहरचा वेढा भेदून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले ते जुलै १६६० मध्ये, आणि त्या स्मृतीसाठी दरवर्षी त्याच दिवसांत हजारो लोक ही वाट चालतात. त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण एवढी पावले एकाच आठवड्यात पडली की वाटेचे काय होते ते पाहण्यासारखे असते. चिखल टाळण्यासाठी प्रत्येक जण कडेने चालतो, कडेचाही चिखल होतो, मग पुढचा आणखी कडेला सरकतो. दोन हातांची पायवाट अशी पसरत पसरत बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते आणि शेवटी भाताच्या खाचराचा बांध ढासळतो. तो बांध पुन्हा घालण्याचे काम शेतकऱ्याला ऐन लावणीच्या धांदलीत करावे लागते. म्हणून चिखल असला तरी वाटेच्या मधूनच चालावे. बूट धुता येतात.

वाटेत मसाई पठार लागते. हा जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ आहे. अशा सड्यांवर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो आणि त्यातच पावसाळ्यानंतर सीतेची आसवं, दवबिंदू यांसारख्या इवल्या वनस्पती फुलतात. कास पठारावर रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून द्यावी लागली ती याच कारणाने. तेव्हा पठारावर गोल करून बसणे, तंबू ठोकणे, दगड उचलून चूल मांडणे हे सगळे टाळावे. आमचा सल्ला असा की जयंती-पुण्यतिथीचे दिवस सोडून ऑगस्टअखेरचा एखादा मधला वार निवडावा. पाऊस आणि धुके तेव्हाही असते, आणि कादंबरीतला तो एकांत तुम्हाला मिळण्याची शक्यताही तेव्हाच अधिक असते.

कोल्हापूरहून पन्हाळ्याला एसटीने जावे. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास आहे. जेवणाची पाकिटे बरोबर नेण्याऐवजी वाटेवरच्या वाडीत आधी निरोप धाडून भाकरी-आमटी सांगावी आणि घासाघीस न करता पैसे द्यावेत. सोल निघालेले बूट आणि फाटलेले प्लॅस्टिकचे रेनकोट झुडपांत टाकून देण्याची जी रीत पडली आहे ती मोडण्यासाठी गटातल्या एकाच्या पाठीवर रिकामे पोते द्यावे. ओढ्यापासून निदान साठ-सत्तर पावले दूर जाऊन, खड्डा खणूनच शौचास बसावे, कारण खालच्या वाडीचे पिण्याचे पाणी त्याच ओढ्यातून येते.

आणखी एक गोष्ट मला स्वतःच्या अनुभवातून सांगावीशी वाटते. एका गडाच्या दरवाजात उभा असताना भिंतीतली अडसराची खोबण दिसली. दरवाजा आतून बंद करण्यासाठी जे जाड लाकूड आडवे सरकवत ते ह्या खोबणीत राहत असे. ती किती खोल आहे हे कळावे म्हणून मी आत हात घातला. कोपरापर्यंत हात गेला आणि बोटांना वेफर्सची पाकिटे लागली. एकात एक कोंबलेली सात पाकिटे होती. ज्या खोबणीच्या खोलीवरून अडसराची लांबी आणि त्यावरून दाराचे वजन समजू शकते, ती कोणीतरी कचऱ्याचा डबा म्हणून वापरली होती. शोधकथेतला अन्वेषक खोलीत शिरताच प्रथम सगळ्यांना जागच्या जागी थांबवतो, कारण घटनास्थळ एकदा तुडवले गेले की ते काहीच सांगत नाही. गडावर जाताना त्या अन्वेषकाची ही सवय तेवढी बरोबर न्यावी. अडसराची खोबण, बिजागरीची उखळी, टाक्याच्या कडेवर दोराने पडलेली चीर, चुन्याच्या घाण्याचा गोल चर, हे सगळे जागच्या जागी आहे तोवरच त्यावरून काही ताडता येते.

प्रश्न : तानाजीची घोरपड आणि आग्र्याचे पेटारे यांवर कादंबऱ्यांत भरपूर वाचले. त्या ठिकाणी गेल्यावर यातले किती खरे मानावे? मुंबईहून आग्र्याला विमानाने जाणे योग्य की रेल्वेने?
*महाविद्यालयीन विद्यार्थी, ठाणे*

उत्तर : दोन्ही गोष्टींचा पुरावा वेगवेगळ्या प्रतीचा आहे आणि तो फरक समजून घेणे हीच खरी शोधकथा आहे. कोंढाणा, म्हणजे आजचा सिंहगड, फेब्रुवारी १६७० मध्ये घेतला गेला आणि तानाजी तिथे पडले हे निश्चित आहे. घोरपड मात्र तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून लोकांच्या मनात रुजली. कड्यावरून दोर लावून माणसे चढली हे संभवनीय आहे, पण मावळ्याचे वजन पेलणारी घोरपड मात्र शाहिराच्या प्रतिभेची आहे, आणि शाहिराला तो अधिकार आहे.

येथे जरा थांबून एक दुःखाची गोष्ट सांगतो. ज्या प्राण्याला आपण पोवाड्यात एवढा मान दिला, त्याची शिकार आजही मांसासाठी आणि तेलासाठी होते. नराचे जननेंद्रिय वाळवून ‘हत्ता जोडी’ नावाची चमत्कारी मुळी म्हणून विकले जाते. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सिंहगडाच्या पायथ्याशी असो वा एखाद्या तीर्थक्षेत्री, अशी मुळी कोणी दाखवली तर ती विकत घेऊ नये आणि वनखात्याला कळवावे.

आग्र्याचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. १२ मे १६६६ ला महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले, तिथे बिनसले, कोतवाल फौलादखानाचे पहारे बसले आणि ऑगस्टमध्ये महाराज निसटले. या सगळ्याची सर्वांत जवळची नोंद अंबरच्या कारकुनांनी आग्र्याहून आपल्या राज्यात पाठवलेल्या राजस्थानी पत्रांत सापडते. अंबरचे राजे मिर्झाराजे जयसिंग यांचा मुलगा रामसिंग याच्या छावणीत काय बोलले जात होते, पहारे केव्हा कडक झाले, हे त्या पत्रांत जवळजवळ रोजच्या रोज येते. त्यांना पुढे काय होणार हे ठाऊक नसल्यामुळे त्यांची साक्ष मोलाची आहे. महाराज मिठाईच्या पेटाऱ्यातून बाहेर पडले की वेष पालटून पायी निघाले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ते नेमके कोणत्या जागी राहिले होते यावरही आहेत. त्यामुळे आग्र्यात कोणी वाटाड्या एखादी भिंत दाखवून छातीठोकपणे ‘इथूनच’ म्हणाला, तर त्याला आदराने ‘हे कशावरून?’ असे विचारावे.

प्रवासाविषयी आमचे मत स्पष्ट आहे : रेल्वेने जावे. दर माणशी दर किलोमीटर पाहता विजेवरच्या रेल्वेपेक्षा विमानाचे प्रदूषण कितीतरी जास्त असते. मुंबईहून निघणारी पंजाब मेल आग्रा कॅन्टोन्मेंटवरून जाते. ती १९१२ पासून धावत आहे, आणि खांडवा, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर अशी एकेक स्थानके मागे पडताना जे अंतर महाराजांना शत्रूच्या मुलखातून, ओळख लपवत परत कापावे लागले ते किती होते याचा अंदाज खिडकीशी बसूनच येतो. विमानात तो येत नाही. आग्र्यात ताजमहालाभोवती पाचशे मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलच्या खाजगी गाड्यांना मज्जाव आहे. संगमरवर पिवळा पडू नये म्हणून कारखान्यांच्या कोळशावरही १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातले. २०२४ पासून ताजमहाल आणि आग्रा किल्ला या दोन स्थानकांदरम्यान मेट्रो आहे, तेव्हा तिथे मोटार भाड्याने घेण्याची गरजच नाही.

प्रश्न : मुलांना हेरांसारखे रात्री मशाली घेऊन गड चढायचा आहे आणि जमल्यास काजवेही पाहायचे आहेत. हे एकाच सहलीत होईल का?
*एक आई, नाशिक*

उत्तर : होणार नाही, आणि करूही नये. केंद्राच्या संरक्षित स्मारकांत सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच प्रवेश असतो; तिथे नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मशालीचा धूर कड्यावरच्या आग्या मोहोळाला लागला तर माश्या उठतात आणि त्या वेळी पळायला वाट नसते. काजव्यांचे तर वेगळेच आहे. ते एकमेकांना प्रकाशाच्या खुणांनी शोधतात, त्यामुळे टॉर्च, मोबाइल आणि गाडीचे दिवे लागले की नर-मादीची गाठ पडत नाही. त्यांच्या अळ्या जमिनीवर, पाल्यापाचोळ्यात वाढतात आणि आपल्या बुटांखाली चिरडल्या जातात. मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या सरींपर्यंत भंडारदऱ्याच्या बाजूला जावे, एखाद्या आदिवासी पाड्यात मुक्काम करावा, यजमान नेतील तेवढेच जावे आणि अंधारात गप्प बसावे. हेरांनाही मुख्यतः तेच करावे लागत असे, हे मुलांना सांगितले तर त्यांना पटेल.

प्रश्न : मी मराठा काळावर एक रहस्य-साहस कादंबरी लिहीत आहे. कथेच्या शेवटी एका खऱ्या गडावरच्या खऱ्या टाक्याखाली खजिना सापडतो. संपादक मित्र म्हणतात, जागा बदला. मला ते अनावश्यक वाटते.
*एक लेखक, बेळगाव*

उत्तर : तुमच्या मित्राचे म्हणणे ऐकावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. गुप्तधनाच्या लोभाने आपल्याकडे गडांवरच्या देवळांच्या चौथऱ्यांना, समाध्यांना आणि टाक्यांच्या तळांना कुदळी लागल्या आहेत. अमावास्येच्या रात्री खणून ठेवलेला खड्डा आणि शेजारी लिंबू-गुलाल हे दृश्य गड फिरणाऱ्या अनेकांनी पाहिले आहे. टाके हे कातळात खोदलेले असते. त्याला सुरुंग किंवा पहार लागून एकदा तडा गेला की पाणी झिरपून जाते, आणि साडेतीनशे वर्षे उन्हाळा काढलेले टाके पुढच्या मार्चमध्ये कोरडे पडते. त्या पाण्यावर केवळ ट्रेकर नव्हे, गुराखी, माकडे, पक्षी आणि भेकरेही अवलंबून असतात. तुमची कादंबरी वाचून शंभरांतला एकच जण पहार घेऊन निघाला तरी नुकसान करायला तेवढा पुरे. कायद्यानेही त्याच्या पदरी काही पडत नाही, कारण भारतीय निखात निधी कायदा १८७८ सालापासून आहे आणि त्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे.

यावर दोन तोडगे सुचवतो. पहिला सोपा : गड काल्पनिक घ्यावा. घाट, नदी, पाऊस, शेजारची बाजारपेठ खरी ठेवून मधला एक डोंगर आपल्या पदरचा घातला तरी वाचक रुसत नाही. यंदा ज्या बारा किल्ल्यांची वाट वाचक विशेष करून धरतील, म्हणजे २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेले साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी, त्यांना तरी या कामातून वगळावे.

दुसरा तोडगा मला अधिक आवडतो. खजिना सोन्याचा न ठेवता कागदाचा ठेवावा. मराठ्यांच्या इतिहासातले मोठे शोध कुदळीने लागलेले नाहीत; ते वाड्यांच्या माळ्यांवर, रुमालांत बांधून ठेवलेल्या दप्तरांत लागले आहेत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून असे कागद मिळवत राहिले आणि १८९८ पासून त्यांनी साधनांचे बावीस खंड छापले. पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही कोट्यवधी मोडी कागद आहेत आणि त्यातले फार थोडे वाचून झाले आहेत. तुमच्या नायकाला जमाखर्चाच्या वहीत एका गावाच्या नावापुढे प्रत्येक महिन्याला तीच रक्कम दिसावी, ती कोणाला पोचते ते कोठेच लिहिलेले नसावे, आणि ते गाव शोधत तो पायी निघावा. कथेसाठी एवढी सुरुवात पुरते. पुण्यात मोडीचे वर्ग नियमित भरतात. तो प्रसंग लिहिण्यापूर्वी एखाद्या वर्गात बसावे आणि जुन्या जमाखर्चाचे एक पान स्वतः लावून पाहावे.