अपाची इग्नाइट हे अनेक सर्व्हरांच्या मेमरीत मिळून डेटा ठेवणारं मोफत सॉफ्टवेअर. त्याचा एक नोड (गटातला एक सर्व्हर) सारखा क्लस्टरबाहेर (गटाबाहेर) पडतो. फुकटच्या कम्युनिटी सपोर्टवर विसंबून राहता येतं का?

येतं. मात्र ‘क्लस्टर पडतंय, अर्जंट मदत करा’ एवढंच लिहून वाट बघत बसणार असाल तर नाही.

तुम्ही लिहिलंय की अधूनमधून एक नोड बाहेर पडतो, लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) ‘सेगमेंटेड’ (तुटून वेगळा पडला) दिसतं, तुम्ही तो लगेच रीस्टार्ट करता, आणि वरिष्ठ म्हणतात पैसे भरून सपोर्ट घेऊ, नाहीतर सरळ रेडिस या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जाऊ. त्यातलं रीस्टार्टचं वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे एका क्रेडिट सोसायटीचं काम होतं. शाखा निपाणी, संकेश्वर, खानापूर, आणि हद्दीपलीकडे चंदगड, गडहिंग्लज. सर्व्हर बेळगावात, उद्यमबागेत. खात्यांच्या शिल्लका आणि पिग्मीच्या नोंदी इग्नाइटमध्ये मेमरीत, खाली नेहमीचा डेटाबेस. मध्यरात्र उलटली की चारपैकी एखादा नोड जायचा. रोज नाही, आणि दर वेळी तोच नोड असंही नाही. सकाळी पिग्मी एजंट आपापली मशीनं जोडायला आले की काउंटरवर खोळंबा ठरलेला.

पुण्यात बसणारे आमचे वरिष्ठ फोनवर एकच सांगायचे, “बेळगावची लाइट गेली असणार. रीस्टार्ट कर आणि झोप. फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली नसतो, मी आधीच सांगितलं होतं.” मला याचा संताप यायचा, आणि तो अजून गेलेला नाही. वीज कंपनी हेस्कॉमची लाइट गेली तर चारही नोड जायला हवेत. चारही एकाच यूपीएसवर होते आणि यूपीएसच्या नोंदीत त्या वेळी काहीच नव्हतं. इतकं साधं बघायची तसदी न घेता गावाला नावं ठेवायची.

इग्नाइटचे नोड एकमेकांची खबर वर्तुळात घेतात, प्रत्येक जण आपल्या पुढच्याची. मूळ सेटिंगात पुढचा १० सेकंद गप्प राहिला की शेजारी त्याला मेलेला धरतो आणि उरलेलं वर्तुळ जोडून घेतो. मग तो गप्प झालेला नोड जागा होतो, आपल्याला बाहेर काढलंय हे त्याला कळतं, लॉगमध्ये ‘सेगमेंटेड’ लिहितो आणि स्वतःला बंद करतो. म्हणजे ‘सेगमेंटेड’ हा पंचनामा आहे, कारण नव्हे. कारण त्या आधीच्या १०-१५ सेकंदांत असतं.

म्हणून मी रीस्टार्ट थांबवला. तीन नोडांवर शाखांचं काम चालतं, कॅशेचा (मेमरीतल्या डेटाचा) दुसऱ्या नोडवर एक बॅकअप होताच. चारही नोडांचे लॉग, जीसी लॉग (जावाच्या मेमरी-सफाईची नोंद), आणि शेजारच्या नोडने त्याला नेमकं कधी ‘फेल्ड’ म्हटलं ती वेळ, सगळं बाजूला काढलं. पडलेल्या नोडवर एक ओळ होती, ‘पॉसिबल टू लाँग जेव्हीएम पॉज’ (इग्नाइट ज्यात चालतं ती जावाची जेव्हीएम फार वेळ थांबली असावी), पुढे १४ हजारांच्या वर मिलिसेकंद. इग्नाइटमध्ये एक छोटा धागा (थ्रेड) सतत झोपतो-उठतो, आणि उठायला ५०० मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला की ही ओळ लिहितो. बहुतेक लोक ती वाचून लगेच हीप (जावाची मेमरी) वाढवायला किंवा जीसीची सेटिंगं बदलायला धावतात. आमच्या जीसी लॉगमध्ये त्या मिनिटाला मोठा थांबा नव्हताच.

हे सगळं इग्नाइटच्या कम्युनिटीत मांडलं. आवृत्ती, जावाची आवृत्ती, आयपी आणि पासवर्ड काढून टाकलेलं कॉन्फिगरेशन, चारही नोडांचे त्या पाच मिनिटांचे तुकडे. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी अजूनही तोडकंमोडकं. कुणी हसलं नाही. एका अनोळखी माणसाचं दोन ओळींचं उत्तर आलं: जेव्हीएम थांबली पण जीसीने नाही, तर थांबवणारा जेव्हीएमच्या बाहेर आहे, त्या वेळी होस्टवर (खालच्या खऱ्या सर्व्हरवर) काय चालतं ते बघा.

सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, “अक्का, रातीला स्नॅपशॉट चालतोय की!” आमचे नोड व्हर्च्युअल मशीनवर होते. अशा मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची पूर्ण प्रत, घेताना हायपरव्हायझर (ही मशीनं चालवणारा प्रोग्रॅम) यंत्र क्षणभर गोठवतो. मशीनची रॅम मोठी, तीही स्नॅपशॉटमध्ये घ्यायची खूण केलेली, खालची डिस्क हळू. क्षणाचे १४ सेकंद झाले. रोज नाही, कारण ज्या रात्री डिस्कवर दुसरं ओझं कमी, त्या रात्री १० सेकंदांच्या आत निभायचं. डेटा खाली डेटाबेसमध्ये होताच, त्यामुळे इग्नाइटच्या मशीनांचे स्नॅपशॉट बंद केले आणि डेटाबेसचा बॅकअप वेगळा ठेवला. प्रश्न संपला. मी हे उत्तर कम्युनिटीत परत जाऊन लिहिलं. तुम्हीही लिहा. काम झालं की गायब होणारे बघितले की मला चीड येते.

आता ‘वाली’चं. पैसे भरलेल्या सपोर्टचा माणूसही पहिल्या पत्रात हेच लॉग मागतो. रीस्टार्ट करून हीप डंप, थ्रेड डंप (त्या वेळच्या मेमरीची आणि चालू कामांची प्रत) घालवून बसलात तर तोही काही सांगू शकत नाही. इग्नाइटचा कोड २०१४ मध्ये ग्रिडगेन कंपनीने अपाची फाउंडेशनला दिला, २०१५ पासून तो फाउंडेशनचा मुख्य प्रकल्प आहे, आणि कोड सगळ्यांसमोर आहे. लॉगमधली ओळ कोडमध्ये शोधून ती कधी लिहिली जाते हे बेळगावात बसून वाचता येतं. त्याला पुण्याला जावं लागत नाही.

तरी काही गोष्टी सांगायला हव्यात. कम्युनिटीत उत्तर कधी येईल याची हमी नसते, परवान्यातच लिहिलंय की सॉफ्टवेअर ‘जसं आहे तसं’ दिलंय. रात्री दोनला फोन उचलणारा माणूस हवा असेल तर पैसे मोजा, त्यात चूक काही नाही. रीस्टार्ट करू नका म्हणाले, पण तुमच्या कॅशेचे बॅकअप किती ते आधी बघा. मूळ सेटिंगात ते शून्य असतात, म्हणजे नोड गेला की त्याच्या मेमरीतला डेटाही गेला. तसं असेल तर आजच बदला. सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळलेली नसतील तर लॉग ताडून बघण्यात अर्थ नाही. आणि तुमचं कारण स्नॅपशॉटच असेल असं मी म्हणत नाही. जीसी असू शकतं, स्वॅप (मेमरी अपुरी पडून डिस्क वापरणं) असू शकतं, नेटवर्कही असू शकतं. फक्त १० सेकंदांची मर्यादा ६० करून मोकळे होऊ नका. मग खरंच मेलेल्या नोडची वाट बघत सगळं क्लस्टर मिनिटभर अडकेल.

रेडिसचं म्हणाल तर रेडिस क्लस्टरमध्ये हीच मर्यादा १५ सेकंद आहे, हॅझलकास्ट या तशाच तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ६०. गोठलेलं यंत्र कुठेही गोठलेलंच. शिवाय रेडिसने मार्च २०२४ मध्ये परवाना बदलला, त्यातून व्हॅल्की हा त्याचाच मुक्त फाटा वेगळा निघाला, २०२५ मध्ये रेडिस ८ ला पुन्हा मुक्त परवान्याचा (एजीपीएलचा) पर्याय आला. जायचंच असेल तर हे वाचून जा. त्याआधी वरिष्ठांकडून रात्रीच्या बॅकअपचं वेळापत्रक मागून घ्या आणि नोड पडल्याच्या वेळांशेजारी ठेवून बघा.