रानटर्कीची तंगडी आणि सासूबाईंचं खेटर

प्रश्न : ताई, आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात ला क्रॉसला राहतो. शेजारचे आजोबा दर वसंतात शिकारीला जातात. गेल्या वर्षी त्यांनी एक रानटर्की साफ करून, कातडी काढून आणून दिला. मी थँक्सगिव्हिंगच्या सणाला करतात त्या टर्कीसारखा अख्खाच ओव्हनमध्ये लावला, ३२५ फॅरनहाइटवर साडेतीन तास. छातीचा भुसा झाला आणि तंगडीला तर दात लागेना. सांगलीहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "हे कोंबडं हाय का खेटार?" यंदा पुन्हा एक आलाय. कच्ची पपई लावू का? कुकरला किती शिट्ट्या द्यायच्या? आणि दुकानातला टर्की मऊ होतो, मग हाच का नाही?

उत्तर : तुम्हाला फोनवर सांगून झालंय, पण अशाच अर्थाची आणखी तीन पत्रं आली, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सासूबाईंचं काही चुकलं नाही. दुकानातला टर्की साडेतीन ते पाच महिन्यांचा असतो. जागेवर बसून खाल्लेलं पोर ते, वर बऱ्याचदा त्याला मिठाचं पाणी टोचलेलं असतं. तुमच्याकडे आला तो बहुधा दोन-तीन वर्षांचा गडी. दिवसभर डोंगर तुडवायचा, रात्री झाडावर चढून बसायचा. त्याच्या अंगात चरबी नाही, आणि पायात नुसत्या शिरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोऱ्या. आजोबांना विचारा, पायामागचं काट्यासारखं नख केवढं होतं. अर्ध्या इंचाच्या आतली बोथट गाठ असेल तर वर्षाचं पोरगं. इंचभर, टोकदार, वाकलेलं असेल तर म्हातारबा. पोरगं असेल तर तुमचं काम निम्मं झालं.

जाता जाता, तुमच्या भागात हा पक्षी मूळचा होता, पण शिकार आणि जंगलतोडीनं तो पार संपला. १९७६ साली मिझुरीहून २९ रानटर्की आणून तुमच्या शेजारच्या व्हर्नन काउंटीत सोडले. बदल्यात विस्कॉन्सिननं तिकडं ग्राउस नावाचे रानपक्षी पाठवले. साटंलोटंच म्हणायचं. तुमच्या फ्रिजमधला पाहुणा बहुधा त्याच खानदानातला.

आता मुद्दा. अख्खा भाजलात ना, तिथेच घोळ झाला. रानटर्की म्हणजे एका कातडीत कोंबलेली दोन वेगळी मटणं. छातीला आच थोडी आणि वेळ कमी. तंगडीला आच मंद आणि वेळ भरपूर. दोन्ही एका भांड्यात घातली की एक तरी बिघडणारच, तुमची दोन्ही बिघडली. म्हणून आधी सुरी घ्या. मांड्या-तंगड्या सांध्यातून सोडवा, छातीचे दोन्ही फाळे हाडावरून उतरवून घ्या. उरलेला सांगाडा, पंख, मान रश्श्याच्या पाण्यासाठी ठेवा.

कापताना दोन गोष्टी बघा. वसंतातल्या मोठ्या नराच्या छातीवर पुढच्या बाजूला पिवळसर, बुळबुळीत, स्पंजासारखा थर असतो. माद्यांच्या मागे फिरताना त्याला खायची शुद्ध नसते, तेव्हाची ही त्याची शिदोरी. ती काढून टाका, रश्श्याला वास आणते. आणि बंदुकीचे छर्रे. मांसात कुठे काळपट रक्ताची जागा किंवा आत ओढलं गेलेलं पिसाचं टोक दिसलं की तिथे बोटानं चाचपा. मिऱ्याएवढा छर्रा हाताला लागतो, भोवतालचं मांस कापून टाका. आमच्याकडे एका पाहुण्यांच्या दाढेचा टवका उडाला होता, तेव्हापासून मी चष्मा लावून बसते.

मारल्यावर काही तासांत स्नायू आखडतात. त्या अवस्थेत शिजवला किंवा फ्रीजरमध्ये टाकला तर आणखी चिवट होतो. एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ४ अंश सेल्सियसच्या आत ठेवा, मगच शिजवा नाहीतर गोठवा.

पपईचं विचारलंत. १९९४ साली मॅडिसनला आल्यावर माझ्या हाती पहिला रानटर्की पडला. मेक्सिकन दुकानातून कच्ची पपई आणली, वाटीभर किसून तंगड्यांना चोपडली आणि रात्रभर ठेवली. सकाळी बाहेरच्या बाजूचं पिठलं झालेलं आणि आत रबर तसंच. पपईचा गुण वरवरच लागतो, आत पोचत नाही. छातीच्या पातळ कापांना अर्ध्या किलोला एक चहाचा चमचा, तोही अर्धा तास, एवढी चालेल. तंगडीला अजिबात नको. आमची आई गावठी कोंबड्यात करवंटीचा तुकडा टाकायची, कुणी सुपारी टाकतं. मी तुकडा टाकून आणि न टाकता, दोन्ही करून पाहिलं. फरक काही दिसला नाही. चुलीवर चार तास रटरटल्यावर कोंबडा शिजायचा आणि श्रेय करवंटीला जायचं.

तंगड्या. दोन मांड्या, दोन तंगड्या मिळून दीड-पावणेदोन किलो भरतील. हळद, मीठ, चार चमचे आलं-लसूण लावून रात्रभर फ्रिजमध्ये. दही, लिंबू नको, आंबट पुढे लागेल तसं घालू. दुसऱ्या दिवशी मोठ्या कुकरच्या तळाशी तेलात एक कांदा परता, त्यावर तुकडे चांगले दहा मिनिटं खरपूस परता. मग वर ताट ठेवून ताटात पाणी घाला आणि पंधरा मिनिटं त्याच्याच अंगच्या पाण्यात शिजू द्या. ताटातलं गरम पाणी आत ओता, आणखी पाच-सहा वाट्या घाला आणि झाकण लावा. शिट्ट्या मोजू नका. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक, घड्याळ लावून ५० मिनिटं. म्हातारबा असेल तर ६५. वाफ आपोआप जाऊ द्या. कुकर नसेल तर जाड बुडाचं भांडं, घट्ट झाकण, बारीक आच आणि साडेतीन-चार तास. मांसातल्या पडद्यांचा चिवटपणा विरघळून रश्श्यात उतरायला तेवढा वेळ लागतोच. खळखळ उकळलंत तर मांस आवळतं, काम लवकर होत नाही.

शिजलं की नाही हे काटा टोचून बघू नका. मांडीचं हाड दोन बोटांत धरून फिरवा. गरकन फिरलं तर झालं, अडलं तर आणखी वीस मिनिटं. आता तंगडी ताटात काढून निवू द्या आणि बोटांनी मांस सोडवा. आत दाभणासारख्या लांब कडक काड्या लागतील, एकेका तंगडीत आठ-दहा तरी. ती हाडं नव्हेत. टर्कीच्या पायातल्या शिराच वयाबरोबर हाडासारख्या टणक होतात. कितीही शिजवा, विरघळत नाहीत. तंगडी अख्खी ताटात वाढायची नाही ती यासाठी. काड्या उपसून टाकल्या की उरतं ते मटणासारखं गडद, धागे सुटलेलं मांस.

खालचं पिवळं पाणी म्हणजे आपलं अळणी. मसाला पडायच्या आधी वाटीभर काढून पोरांना द्या, सासूबाईंनाही द्या. राहिलेल्यात वाटण : दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं गॅसवर थेट भाजून, त्यात तीळ, खसखस, धणे, कोथिंबीर. तेलात वाटण परता, दोन-तीन चमचे कांदा-लसूण मसाला, मग मांस आणि अळणी, पंधरा मिनिटं उकळी. सांगलीकरणीला मी तिखटाचं प्रमाण सांगणार नाही. आदल्या दिवशी केलेला रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त लागतो.

छातीला रस्सा नको. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात दोन्ही फाळे बारा तास बुडवून फ्रिजमध्ये. पुसून घ्या, धाग्याच्या आडवे बोटभर जाडीचे काप करा, बत्त्यानं हलकेच ठेचा. दही, आलं-लसूण, तिखट, गरम मसाला लावून दोन तास. वरचं मीठ घालू नका, पाण्यातलं पुरतं. बिडाचा तवा कडक तापवून एकेक बाजू दोन मिनिटं. थर्मामीटर असेल तर मध्ये ७४ सेल्सियस, म्हणजे १६५ फॅरनहाइट दिसलं की उतरवा. त्यापुढे गेलात की पुन्हा भुसा. एवढी खटपट नको असेल तर खिमा करा, पण त्यात तेल किंवा तूप सढळ हातानं घाला, त्याला स्वतःची चरबी नाही.

आणि आजोबांना डब्यात रस्सा पाठवा. शिकारीचं मांस तिथे विकता येत नाही, द्यायचं ते असंच शेजारधर्म म्हणून, आणि परतफेडही तशीच करायची. त्यांच्या वाट्यातलं तिखट मात्र निम्मं करा.

प्रश्न : ताई, नाशिकहून आणलेला गावठी कोंबडा आठ शिट्ट्या देऊनही चिवटच. आणखी चार देऊ का?

उत्तर : आच मोठी असेल तर आठ शिट्ट्या दहा-बारा मिनिटांत होतात. शिट्ट्या मोजता, मिनिटं मोजत नाही. तोच रस्सा परत कुकरमध्ये घाला, वाटीभर गरम पाणी घाला, बारीक गॅसवर २५ मिनिटं ठेवा. मसाला तळाशी लागू नये म्हणून आधी ढवळून घ्या.