आजीची हळद जखम भरते, मग हळदीची कॅप्सूल दीड हजाराची का?

तुम्ही विचारलंय की घरी हळद आहे, आजी कापलेल्या बोटावर तीच दाबते आणि जखम भरतेही. मग बाबांच्या गुडघ्यांसाठी मेडिकलमधून 'नॅनो' हळदीची दीड हजाराची डबी कशाला? प्रयोगशाळेत असं वेगळं काय करतात?

मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली. आमच्याकडे वायगावी हळद होते. माझं एम.फार्म.पर्यंतचं, म्हणजे औषधनिर्माणशास्त्रातलं, शिक्षण तिच्याच पैशांवर झालं आणि प्रबंधही मी तिच्यावरच केला. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी घरीच एक करून बघा. ग्लासभर पाण्यात चिमूटभर हळद ढवळा आणि थोडा वेळ ठेवून द्या. भुकटी तळाशी बसते. तेवढीच हळद पळीभर कोमट तेलात टाकली, तर तेल पिवळंधमक होतं. हळदीतलं कामाचं पिवळं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. ते तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. आणि पोटात, आतड्यात, रक्तात सगळा कारभार पाण्याचा. खाल्लेल्या हळदीतलं बहुतेक कर्क्युमिन म्हणूनच आल्या वाटेनं निघून जातं.

जे थोडं आत शिरतं, त्यालाही आतड्याचं अस्तर आणि यकृत टिकू देत नाहीत. त्याला दुसरे रेणू चिकटवून लगेच बाहेरचा रस्ता दाखवतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये 1998 साली माणसांना 2 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते नावालाच सापडलं. त्याच मात्रेसोबत मिऱ्यातलं पिपरीन फक्त 20 मिलिग्रॅम दिलं आणि रक्तात पोचलेलं प्रमाण 20 पट झालं. पिपरीन यकृताचा हात थोडा वेळ धरून ठेवतं. सुंठ, मिरे, पिंपळीचं त्रिकटू आपल्या औषधांत इतक्या ठिकाणी का घालतात, याचं एक उत्तर यात असावं असं मला मनापासून वाटतं. याच धाग्यावर जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेनं काम केलं, आणि 2009 साली क्षयरोगाची अशी कॅप्सूल बाजारात आली, जिच्यात पिपरीनमुळे रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध 450 ऐवजी 200 मिलिग्रॅम ठेवता आलं.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण प्रयोगशाळेत काय चालतं ते त्यातून नीट कळेल. मी सांध्यावर लावायचं जेल करत होते. ते कातडीतून पार जातं का, हे बघायला काचेचं दोन मजली भांडं असतं. मधे पडदा ताणायचा, वरच्या मजल्यात जेल, खाली 37 अंशांवर ठेवलेलं बफरचं पाणी, म्हणजे आंबट-खारटपणा ठरावीक राहील असं क्षार घातलेलं पाणी. दर तासाला खालून थोडं पाणी काढायचं आणि त्यात औषध किती उतरलं ते मोजायचं. तीन दिवस माझा आकडा शून्याला चिकटलेला. फोनवर आई विचारायची, "काय झालं वं तुह्या हळदीचं?" मला रडू यायचं.

जेलमध्ये दोष नव्हता. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. चुन्यासारखी अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचं द्रव्य) लागली की कर्क्युमिन आधी रंग बदलतं आणि मग तुटायला लागतं. त्याला चुन्याइतकी कडक अल्कलीही लागत नाही. 7.2 पीएचच्या (7 म्हणजे ना आम्ल ना अल्कली, त्यावर अल्कली) साध्या बफरमध्ये, शरीराच्या तापमानाला, अर्ध्या तासात 90 टक्के कर्क्युमिन नष्ट होतं, हे 1997 सालीच छापून आलेलं आहे. माझं बफर 7.4 चं होतं. औषध पडद्यातून उतरत होतं आणि मी मोजायच्या आत तुटून जात होतं. पाणी थोडं आंबट केलं, त्यात जरा अल्कोहोल घातलं, तेव्हा आकडे दिसू लागले.

'नॅनो'मध्ये याच अडचणींवर उपाय शोधलेला असतो. गोल चंबूत लेसिथिनसारखं स्निग्ध द्रव्य आणि कर्क्युमिन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं, चंबू कोमट पाण्यात फिरवत ठेवायचा. क्लोरोफॉर्म उडून गेलं की काचेला आतून पिवळी साय धरते. मग पाणी घालून पुन्हा फिरवायचं. साय सुटते, पाणी दुधाळ पिवळं होतं. त्यात केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट लहान असे स्निग्ध फुगे असतात आणि त्यांच्या भिंतीत कर्क्युमिन बसलेलं असतं. अशा फुग्यात ते पाण्यात तरंगतं आणि लवकर तुटत नाही. काम नाजूक आहे. रात्री सुरेख दिसलेलं सकाळी तळाशी गोळा होऊन बसलेलं मी कितीदा पाहिलंय. खर्च होतो तो यातच.

आजीच्या लेपाला यातलं काहीच लागत नाही, कारण जखमेत कातडी उघडी असते आणि हळद थेट जागेवर पोचलेली असते. हळदीचं हे ज्ञान आपलंच. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट 1995 साली अमेरिकेत दिलं गेलं, तेव्हा डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ पुढे ठेवून त्याला आव्हान दिलं आणि 1997 साली रद्द करवलं. तरी आजींना एवढं सांगा की घरची भुकटी निर्जंतुक नसते. विळा लागून खोल कापलं असेल तर लेपावर भागवू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्याच.

गुडघ्याला मात्र पोट, यकृत, रक्त असा पूर्ण प्रवास आहे. थायलंडमध्ये गुडघ्यांच्या 367 रुग्णांवर चार आठवड्यांची चाचणी झाली, 2014 साली ती प्रसिद्ध झाली. रोज 1500 मिलिग्रॅम हळदीच्या अर्कानं दुखणं आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळीइतकंच कमी झालं, पोटाचा त्रास कमी झाला. म्हणजे उपयोग आहे, पण तो मोजून दिलेल्या अर्काचा. आमच्या वायगावी हळदीत 6 टक्क्यांच्या आसपास कर्क्युमिन धरलं, तरी 3 ग्रॅमच्या चमच्यात 180 मिलिग्रॅमच येतं. हळदीचं दूध जरूर द्या, पण गुडघ्याचं औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

डबी विकत घ्यायच्या आधी ती उलटी करून वाचा. त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक असेल तर कायद्याच्या नजरेत ते अन्न आहे, आणि अशा डबीवर 'नॅनो' छापलंय म्हणून माणसांवर चाचणी झालीच असेल असं धरू नका. कर्क्युमिन किती मिलिग्रॅम आणि पिपरीन आहे का, हे दोन आकडे बघा. पिपरीन यकृताचा हात धरतं तेव्हा बाकीच्या गोळ्यांचाही निचरा मंदावू शकतो. बाबा रक्त पातळ करायची, फिटची किंवा बीपीची गोळी घेत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. इटलीत 2019 साली हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याची बरीच प्रकरणं पुढे आली होती. गोळ्या सुरू असताना डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी बंद करून दवाखान्यात न्या.

बाबा सध्या कोणत्या गोळ्या घेतात आणि त्या डबीच्या मागे काय छापलंय, तेवढं खाली लिहा. मी वाचून सांगते.