प्रमाण कोणतं, ते आधी सांग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. कोल्हापूरच्या देवळात मावळतीचं ऊन मूर्तीपर्यंत पोचतं, त्या नोव्हेंबरच्या किरणोत्सवात एका संध्याकाळी किरणं अंबाबाईच्या कमरेपाशीच थांबली आणि तुझ्या डोक्यात काहूर माजलं. आजी म्हणाली, आई रुसली. तालमीतली पोरं म्हणाली, सगळी हवा आहे. कॉलेजातला मित्र म्हणाला, पूर्वजांनी सगळं गणित मांडून ठेवलंय, आपल्यालाच अक्कल नाही. आता तू मला विचारतोस, यातलं कुणाचं धरू?

कुणाचंच धरू नकोस. तिघांनाही एकच विचार: प्रमाण कोणतं, म्हणजे हे कळलं कशावरून?

न्यायदर्शनाने चार प्रमाणं सांगितली: प्रत्यक्ष म्हणजे स्वतः पाहिलेलं, अनुमान म्हणजे खुणेवरून काढलेलं, उपमान म्हणजे साम्यावरून कळलेलं आणि शब्द म्हणजे विश्वासू वचन. चार्वाक एकावर थांबतो, सांख्य तीन मानतात, अद्वैती अर्थापत्ती (एरवी उलगडा होत नाही म्हणून मानावं लागतं ते) आणि अनुपलब्धी (न दिसण्यावरून नसणं कळणं) धरून सहा करतात. हे तुला पाठ आहे. महाद्वारात उभं राहिल्यावर यातलं एकही तुला आठवलं नाही, हे माझं दुखणं आहे. दर्शनं कपाटात आणि मतं जिभेवर, असा आपला कारभार. आमच्या पिढीने तर श्रद्धा की विज्ञान या वादात उमेदीची वर्षं घालवली. वही-घड्याळ घेऊन त्या उन्हामागे चालणारे फार थोडे निघाले. त्याची चुटपुट आहे म्हणून आवाज चढतो. सोसून घे.

आधी प्रत्यक्ष. परंपरेने किरणोत्सवाचे दिवस ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, अशी अपेक्षा असते. मावळतीचं ऊन महाद्वारातून शिरतं, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक करत पितळी उंबऱ्यावर येतं, मग चांदीचा उंबरा, मग कटांजन म्हणजे कठडा, मग चरण. प्रत्येक टप्प्याला मिनिट लिहायचं. वही, पेन आणि नीट जुळवलेलं मनगटी घड्याळ एवढं पुरतं. गाभाऱ्यासमोर मोबाईल काढायचा नाही. मिनिटाशेजारी आणखी तीन गोष्टी लिहायच्या: उजेडाचा रंग, त्याची कड रेखीव की पुसट, आणि उजेड कुठल्या बाजूने घटत गेला. ही तिसरी नोंद बहुतेक जण गाळतात आणि मग कारणावरून रात्रभर भांडतात.

ढग आला तर उजेड वरपासून खालपर्यंत एकदमच फिकटतो. लांबच्या इमारतीची गच्ची किंवा पाण्याची टाकी आड आली तर अंधार पायांकडून वर चढत जातो, कारण सूर्य जसा खाली जातो तशी त्या टाकीची सावली मूर्तीवर वर सरकते. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असल्यामुळे ते पूर्ण झाकायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि म्हणूनच सावलीची कड पुसट असते; पुसट कड बघून लगेच ‘ढग, ढग’ म्हणू नकोस. सूर्य आपल्याकडे सरळ खाली जात नाही, थोडा उत्तरेला कलत मावळतो, त्यामुळे बाजूच्या भिंतीही त्रास देतात. तेव्हा उजेड एका अंगाने कापला जातो. बाष्प आणि धूळ असेल तर आकार तसाच राहतो, नुसतं तेज उतरतं आणि रंग तांबडा होतो.

अडथळ्याचा हिशेब सोपा आहे. सूर्य क्षितिजापासून ३ अंशांवर असताना, जिथे ऊन पडायला हवं त्या जागेपेक्षा साधारण ५ मीटर उंच असलेली वस्तू १०० मीटरवरून किरण अडवते. २ अंशांवर साडेतीन मीटर पुरतात. एक अंश उतरायला सूर्याला साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत एखादा जाहिरातीचा फलकसुद्धा उत्सव अडवू शकतो. महाद्वार रोडवर वर मान करून एकदा चालून ये, मग बोल.

आता अनुमान मांडायचं ते पाचही अवयवांसकट, म्हणजे युक्तिवादाच्या पाचही पायऱ्यांसकट. प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचं विधान: किरणं ढगामुळे थांबली. हेतू, म्हणजे त्याचं कारण: उजेड सगळीकडून एकाच क्षणी फिकटला. उदाहरण: ढगाने ऊन झाकलं की ते असंच फिकटतं, जसं रंकाळा तलावावर. उपनय: इथेही उंबऱ्यावरचं आणि मूर्तीवरचं ऊन एकाच क्षणी फिकटलं. निगमन: म्हणून ढगच. यातला हेतू तुझ्या वहीत लिहिलेला नसेल तर प्रतिज्ञा उच्चारूच नकोस. तुझ्या मेसेजमध्ये तो नव्हता. ‘थांबली’ एवढंच होतं, आणि ‘थांबली’वरून रोषही सिद्ध होत नाही, थोतांडही नाही.

तालमीतल्या पोरांचा युक्तिवाद असा, की एकदा किरणं पोचली नाहीत म्हणजे पोचतच नाहीत. त्यांना योग्यानुपलब्धी समजाव. वस्तू असती तर ती दिसण्याजोगी परिस्थिती होती, असं असेल तरच न दिसणं हे प्रमाण. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं कुणी म्हणत नाही. ढगाळ संध्याकाळचं न पोचणं त्या खात्यात जमा करायचं नाही. आजीला वाटलेला रोषही तपासायचा आहे, पण ते पुढे.

कॉलेजातल्या मित्राला मात्र मी सोडणार नाही, कारण त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी या तारखा २१-२२ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्याच अंतरावर येतात. दोन्ही वेळा सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १७ अंशांवर असतो आणि कोल्हापुरात नेमक्या पश्चिमेच्या साधारण १८ अंश दक्षिणेला मावळतो. या दिवसांत मावळतीची जागा रोज पाव अंशाहून थोडी जास्त सरकते. १०० मीटरच्या वाटेवर हा फरक अर्ध्या मीटरचा होतो. म्हणून उत्सव मोजक्या दिवसांचा, म्हणून वर्षातून दोनदा, आणि म्हणून दर वर्षी त्याच सुमारास. इथपर्यंत अनुमान पक्कं.

तिथून तो उडी मारतो: ‘म्हणजे बांधणाऱ्याने हे ठरवून केलं.’ ही वेगळी प्रतिज्ञा आहे, तिला वेगळा हेतू हवा. ‘दर वर्षी दोनदा ऊन आत येतं’ हा हेतू मावळतीच्या पट्ट्याकडे तोंड असलेल्या कुठल्याही चाळीच्या लांब बोळालाही लागू पडतो, आणि त्या बोळाच्या गवंड्याने काही खगोल मांडला नव्हता. हेतू आहे पण साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नाही. यालाच सव्यभिचार म्हणतात. शिवाय गरुड मंडप मूळ देवळानंतरचा आहे, तेव्हा आज दिसणारी सगळी वाट एकाच हाताने आखली, असंही म्हणता येत नाही. माझा स्वतःचा कल ‘ठरवून केलं असावं’ याकडेच आहे. पण कल हे प्रमाण नव्हे, माझाही नाही. शिलालेख किंवा स्थापत्याचा ग्रंथ समोर ठेव, मी पहिला मान्य करीन. मला हट्टी म्हणतात ते याचसाठी, आणि ते बिरुद मी उतरवणार नाही.

शब्दप्रमाण टाकाऊ आहे असं यावरून समजू नकोस. जिथे त्याचा अधिकार तिथे ते सगळ्यांच्या वर. मूर्ती कोणाची, हा प्रश्न घे. उजव्या खालच्या हातात म्हाळुंग, वरच्या हातात गदा, डाव्या वरच्या हातात खेटक म्हणजे ढाल, खालच्या हातात पानपात्र, मस्तकावर लिंग. इथे घड्याळ काय करणार? दुर्गासप्तशतीबरोबर वाचतात तो प्राधानिक रहस्य नावाचा पाठ उघड; तिथे महालक्ष्मीचं वर्णन याच लक्षणांनी केलंय. ही विष्णुपत्नी की आदिशक्ती, हा वाद लक्षणं आणि ग्रंथ शेजारी ठेवून सुटतो, घोषणांनी नाही. उलट, किरणं का अडली हे प्राधानिक रहस्यात शोधणाराही तितकाच चुकतो.

राहिली आजी. तिला विचारशील तर म्हणेल, सासूबाई सांगायच्या. तिच्यासाठी ते आप्तवाक्य. पण आप्त कोण, तर ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी आहे तशी सांगतो तो. सासूबाई ओटी कशी भरावी यात आप्त होत्या. पश्चिमेच्या ढगांत नव्हत्या. हे तिच्या तोंडावर सांगू नकोस. तिला फेब्रुवारीत हाताला धरून घेऊन जा. उन्हात गर्दीत उभं राहवत नसेल तर बाहेरच्या पडद्यावर दाखव.

फेब्रुवारीत एक घोळ हमखास होतो, तो आधीच सांगतो. मावळतीची जागा तीच असली तरी घड्याळ तेच नसतं. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत इथला सूर्यास्त सहाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेसहाच्या सुमारास. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे घड्याळाचे बारा आणि सूर्याचा मध्यान्ह यांतलं अंतर वर्षभर बदलत राहतं. या दोन तारखांत ते जवळजवळ अर्ध्या तासाने बदललेलं असतं. हे न कळणारे नोव्हेंबरची मिनिटं घेऊन येतात आणि ‘उशीर झाला’ म्हणून कुजबुजतात. तू प्रत्येक टप्पा ‘सूर्यास्ताआधी इतकी मिनिटं’ असा लिही, म्हणजे दोन्ही वह्या शेजारी ठेवता येतील.

एकट्याने जाऊ नकोस. त्या मित्रालाच रंकाळ्याच्या पूर्व काठावर उभा कर, पश्चिम मोकळी दिसेल अशा जागी, आणि ऊन कधी फिकटलं हे मिनिटासह लिहायला सांग. देवळात उजेड गेला आणि तळ्यावर टिकला, तर अडथळा मधे आहे. दोन्हीकडे गेला, तर आभाळात. मित्र येत नसेल तर तालमीतला कुणी ने; हवा आहे म्हणणाऱ्याने तरी हवा बघायला यावं. साडेपाचला महाद्वारात हजर राहा, आणि २ तारखेच्या रात्री वही माझ्याकडे आण. छापून आलेले आकडे चालणार नाहीत.