तुझी सही कुठेच चालत नाही

पोरी,

तू नगरसेविका म्हणून निवडून आल्याचं कळलं, चौकातला फ्लेक्सही पाहिला. फोन केला नाही, कारण या आठवड्यात तुझा फोन तुझ्या हातात नसणार. म्हणून लिहिते.

दोन महिन्यांत तुला एक गोष्ट कळेल, ती आत्ताच ऐक. महापालिकेत तुझी सही कुठेच चालत नाही. बिल काढणं, टेंडर काढणं, बांधकाम पाडणं, कुणाची बदली करणं, हे सगळं आयुक्तांचं. १९४९ च्या महापालिका अधिनियमानेच कार्यकारी अधिकार त्यांना दिलेत. आणि सकाळी सात वाजता तुझ्या दारात उभा असलेला माणूस धरून चालतो की तुंबलेलं चेंबर तूच उघडणार. त्याचंही चूक नाही. मत त्याने तुला दिलंय, आयुक्तांना नाही.

मग तुझ्या हातात काय? सभेत प्रश्न विचारणं आणि मत द्यायला हात वर करणं. ऐकायला किरकोळ वाटतं. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेही सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा विषय निघाला, तेव्हा हा पैसा शिक्षणावर घाला म्हणत त्यांनी विरोध केला. एकटे पडले, खर्च मंजूर झाला. पण बाकीच्यांपैकी एकाचं तरी नाव तुला सांगता येईल का?

माझा हात मात्र एकदा चुकीच्या वेळी वर गेला. नगरसेविका म्हणून पहिलंच वर्ष, संध्याकाळ झालेली, सभागृह पेंगुळलेलं. ऐनवेळचा विषय म्हणून, म्हणजे आधी यादीत नसलेला, एका जागेचं आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव आला; जागा कशासाठी राखून ठेवली आहे, तेच बदलायचं. आमच्या पक्षाच्या गटनेत्याने मान हलवली, मी हात वर केला. जागा माझ्याच प्रभागातलं खेळाचं मैदान होती, हे मला घरी जाऊन कागद पाहिल्यावर कळलं. आज तिथे इमारत आहे. खाली पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळतात, वॉचमन त्यांना हाकलतो. मी त्या रस्त्याने जात नाही.

म्हणून कार्यपत्रिका, म्हणजे सभेतल्या विषयांची यादी, आदल्या रात्री वाचायची. पेन्सिल घेऊन. सर्व्हे नंबर दिसला की नकाशात जागा शोधायची. ऐनवेळचा विषय आला तर उठून म्हणायचं, 'प्रत मिळालेली नाही, पुढच्या सभेत घ्या.' चिडतील. चिडू दे.

अंदाजपत्रक त्याहून जाड असतं. ते पहिल्या पानापासून वाचायला बसशील तर झोपशील. आपल्या प्रभागातलं एकच काम धर, म्हणजे समज ड्रेनेजलाइन. गेल्या वर्षी तरतूद किती होती, खर्ची किती पडली, उरलेली रक्कम वर्गीकरण करून दुसऱ्या कुठल्या कामाकडे वळवली, एवढं काढ. अशी तीन कामं काढलीस की अधिकारी तुझ्याशी वेगळ्या आवाजात बोलायला लागतात. खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत १६ जणच असतात आणि त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. तिथे वर्णी लागली नाही म्हणून रडत बसू नकोस, आकडे बाहेरूनही वाचता येतात.

फोनचं सांगते. जिथे काम आपलं नाही तिथे 'बघते' म्हणू नकोस. महावितरणचं असेल तर तसं सांग आणि तिथल्या माणसाचा नंबर दे. 'बघते' म्हणून ठेवलेला माणूस आठवडाभराने दुप्पट रागावून येतो. कनिष्ठ अभियंत्यावर चारचौघांत ओरडायचं नाही. चेंबर शेवटी तोच उघडून देणार आहे. एका प्रभागात चार नगरसेवक, त्यातले उरलेले तिघे श्रेयासाठी फलक लावतील, लावू देत. माझ्या एका गल्लीत नळाच्या एकाच लाइनचे तीन फलक होते आणि पाणी एक दिवसाआड.

२०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी तुझ्या ऑफिसात लोक 'साहेब कुठेत' विचारतील. तुझ्या नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस, खुर्ची तुझी. आणि सासर-माहेरच्या कुणीही पालिकेच्या कंत्राटाचं नाव काढलं तर चहा देऊन वाटेला लाव. कंत्राटात आडून हिस्सा निघाला तरी पद जातं.

नोकरी मात्र सोडू नकोस. मानधनावर घर चालत नाही. पाच वर्षांनी सोडतीत प्रभागाचं आरक्षण बदललं की सगळी पायपीट दुसऱ्याच्या नावावर जमा होते, आणि निवडणूक वेळेवर होईलच असंही नाही. २०२२ मध्ये आमची मुदत संपली, निवडून आलेल्यांच्या जागी सरकारने नेमलेले प्रशासक बसले, ते तीन वर्षं उलटली तरी हलले नाहीत. माझ्याकडे पद नव्हतं, लेटरहेड नव्हतं, तरी सकाळी सातची बेल वाजायचीच. त्या काळात माझी शिवणकामाची मशीन होती म्हणून निभावलं.

पहिल्या सभेची कार्यपत्रिका हातात पडली की घेऊन ये. शनिवारी दुपारी मी घरीच असते. पेन्सिली माझ्याकडे आहेत.

तुझी,
ताई