कचरा डेपोजवळच्या विहिरी, बोअर आणि रिपोर्टमधले आकडे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला शहराचा कचरा डेपो आहे. डेपोच्या वर एक आणि खाली एक अशा दोन बोअरचं पाणी चार वर्षं मे आणि ऑक्टोबरमध्ये तपासलं जातंय. खालच्या बोअरचं क्लोराईड (लिटरला मिलिग्रॅम) मे महिन्यात ११८, १३१, १६०, २०५ असं आलं आणि ऑक्टोबरमध्ये ६२, ७०, ८१, ९६. वरच्याचं मेमध्ये १०४, ९८, १०७, १०१ आणि ऑक्टोबरमध्ये ५५, ६०, ५२, ५८. कन्सल्टंट म्हणतात की सगळं २५० च्या आत आहे आणि दोन बोअरमधला फरक 'सिग्निफिकंट' (योगायोग म्हणून सोडता येणार नाही इतका मोठा) नाही, म्हणजे विषय संपला. खरंच संपला का? (ग्रामपंचायत सदस्य, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : नाही हो, अजिबात नाही संपला. आधी ते २५० बाजूला ठेवा. आयएस १०५०० या भारतीय मानकातली लिटरला २५० मिलिग्रॅमची मर्यादा पिण्याच्या पाण्यासाठी आहे, पाणी पिण्यालायक आहे का एवढंच ती सांगते, डेपोचं पाणी जमिनीत झिरपतंय का हा प्रश्नच वेगळा आहे आणि त्याचं उत्तर त्या मर्यादेत कधीच मिळत नाही. उलट २५० ओलांडेपर्यंत थांबायचं म्हणजे लिचेट (कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी) तुमच्या बोअरपर्यंत पोचून पाणी पार नासेपर्यंत गप्प बसायचं.

आता 'सिग्निफिकंट नाही' कसं आलं ते बघा. तुम्ही दिलेले आकडे मी मांडून बघितले. खालच्या बोअरचे आठही आकडे एकत्र करून सरासरी काढली तर साधारण ११५ येते, वरच्याची ७९, आणि या दोन गटांवर साधी टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा असू शकतो का ते बघणारी चाचणी) लावली की फरक खरोखरच पाच टक्क्यांच्या कसोटीत बसत नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून जास्त निघते. म्हणजे कन्सल्टंटचं गणित चुकलेलं नाही, पण मांडणी चुकली. मे आणि ऑक्टोबर एकाच पोत्यात भरले, त्यामुळे उन्हाळा-पावसाळ्याचा जो मोठा चढउतार आहे तो सगळा 'स्कॅटर' म्हणजे आकड्यांचा नुसता विखुरलेपणा म्हणून धरला गेला आणि त्याच्याखाली डेपोचा परिणाम झाकला गेला.

मेची तुलना मेशी आणि ऑक्टोबरची ऑक्टोबरशी करा, त्याच खेपेला घेतलेल्या वरच्या बोअरचा आकडा खालच्यातून वजा करा. मेमधला फरक येतो १४, ३३, ५३, १०४. ऑक्टोबरमधला ७, १०, २९, ३८. दोन्ही ऋतूंत फरक दरवर्षी वाढतोय, एकदाही मागे आलेला नाही. निव्वळ योगायोगाने चार आकडे ओळीने चढते लागण्याची शक्यता चोविसात एक, म्हणजे साधारण चार टक्के, आणि इथे ते एका ऋतूत नाही तर दोन्हीत झालंय. मान-केंडॉल टेस्ट म्हणतात ती हीच मोजणी करते, मागचा-पुढचा आकडा जोडीजोडीने बघते, ती कागदावर पेन्सिलनेही होते, भारी सॉफ्टवेअर लागत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लक्षात ठेवा. खालच्या बोअरचं क्लोराईड वरच्यापेक्षा जास्त आहे एवढ्यावरून डेपोला दोषी धरता येत नाही, कारण दोन बोअरचं पाणी मुळातच वेगळं असू शकतं, खडक वेगळा, खोली वेगळी, शेजारी गोठा किंवा शोषखड्डा असेल तर तेही आलंच. फरक वाढत जातोय ही खरी खूण आहे. म्हणून डेपो सुरू व्हायच्या आधीच्या पाण्याची नोंद मागा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत हे लिहिलेलं होतं, लँडफिल (कचरा पुरायची जागा) उभारायच्या आधी भूजलाची बेसलाईन नोंद करायची आणि नंतर हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर तपासत राहायचं. तुमच्याकडे वर्षाला दोनच खेपा होतायत, तिसरी कुठे गेली हा प्रश्न ग्रामसभेत लेखी विचारा.

आणि 'वरचं' बोअर खरंच वरचं आहे का? आपल्याकडे काळा पाषाण, त्यात पाणी भेगांतून आणि जोडांतून जातं, जमिनीचा उतार दिसतो तिकडेच जाईल असं नाही, शिवाय शेजारच्या शेतात दिवसभर मोटर चालली तर पाणी तिकडे ओढलं जातं. आजूबाजूच्या पाच-सहा विहिरी-बोअरची पाण्याची पातळी एकाच दिवशी, मोटरी बंद ठेवून मोजून घ्या, तेव्हा दिशा कळेल. क्लोराईडबरोबर अमोनिया, सीओडी (पाण्यातल्या घाणीचं एक माप) आणि पोटॅशियमही तपासायला सांगा. नुसतं नायट्रेट वाढलं तर ते शेतातल्या युरियाचंही असू शकतं, पण क्लोराईड आणि अमोनिया जोडीने चढत असतील तर मला डेपोचीच शंका आधी येईल.

प्रश्न : मी एम.टेक. करतेय, प्रोजेक्टला एका बंद लँडफिलचा दहा वर्षांचा डेटा मिळालाय. शिशाच्या कॉलममध्ये निम्म्याहून जास्त ठिकाणी 'बीडीएल' लिहिलंय, म्हणजे मशीनला ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणापेक्षा (डिटेक्शन लिमिट) कमी. गाईड म्हणतात शून्य टाक, मैत्रीण म्हणते डिटेक्शन लिमिटच्या निम्मं टाक. काय करू?

उत्तर : शून्य तर नकोच, आणि सेल तसाच ठेवूनही चालणार नाही. एक्सेलमध्ये बीडीएल हा मजकूर असतो, सरासरी काढताना एक्सेल तो सेल सोडून देतं आणि फक्त सापडलेल्या आकड्यांची सरासरी देतं, ती खऱ्यापेक्षा बरीच वर जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहिलं काम म्हणजे लॅबकडून प्रत्येक वर्षाची डिटेक्शन लिमिट मागव. समजा सुरुवातीला ती लिटरला ०.०५ मिलिग्रॅम होती आणि नवं मशीन आल्यावर ०.०१ झाली. निम्मं टाकलंस तर आधीची वर्षं ०.०२५ आणि नंतरची ०.००५, म्हणजे शिसं झपाट्याने कमी झालं असा सुंदर ग्राफ येईल आणि तो पूर्ण खोटा असेल, पाण्यात काहीच बदललेलं नाही, मशीन बदललंय. वर पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादाच ०.०१ आहे, त्यामुळे ०.०५ च्या खाली 'सापडलं नाही' या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. हे प्रोजेक्टमध्ये ठळक लिही.

निम्मं टाकणं दहा-पंधरा टक्के बीडीएल असतील तिथवर चालून जातं. त्याच्या पुढे काप्लान-मायर किंवा आरओएस या बीडीएल हिशोबात धरणाऱ्या पद्धती वापर, दोन्ही 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये मिळतात. निम्म्याहून जास्त बीडीएल असताना सरासरीचा नाद सोड, किती टक्के नमुन्यांत शिसं सापडलं आणि कमाल किती ते सांग. अमेरिकेच्या ईपीएने (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) लँडफिलच्या भूजलासाठी २००९ मध्ये 'युनिफाईड गाईडन्स' काढलं, त्यात पूर्वी कधीच न सापडलेल्या घटकासाठी एक साधा नियम आहे, लागोपाठ दोन खेपांना मोजण्याइतकं सापडलं तर ते खरं धरायचं. तुझ्या डेटात ज्या विहिरीत शिसं आधी कधीच सापडलेलं नाही तिथे तो बसेल. गाईडांना ते प्रकरणच दाखव, वाद होणार नाही.

प्रश्न : डेपोभोवतीच्या दहा विहिरी तपासल्या, प्रत्येकीत दहा गोष्टी. एका विहिरीत एकदाच निकेल नेहमीपेक्षा जास्त आलं, बाकी सगळं ठीक. गावात घबराट आहे, सॅम्पल घेणारे म्हणतात अपघाताने आलं असेल. कोणाचं ऐकायचं?

उत्तर : दोघांचंही अर्धं बरोबर आहे. दहा गुणिले दहा म्हणजे शंभर तपासण्या झाल्या, प्रत्येकीत खोट्या इशाऱ्याची शक्यता एक टक्का धरली तरी सगळं पाणी स्वच्छ असताना शंभरात निदान एक खोटा इशारा येण्याची शक्यता ६३ टक्के निघते. म्हणून एका आकड्यावर मोर्चा नको. पण 'अपघात' म्हणून कागद फाईलला लावणंही चूक, कारण खरी गळती सुरू होते तेव्हाही पहिला आकडा असाच एकटा येतो.

यावर उपाय दुसरा नमुना, आणि तो नव्याने विहिरीतून घेतलेला, बाटलीत उरलेलं पाणी पुन्हा मशीनला लावलेलं नको. त्या विहिरीचे आधीचे आठ आकडे असतील तर काहीही बदललेलं नसताना नववा आकडा सगळ्यात मोठा येण्याची शक्यता नवात एक असते. पण नववा आणि दहावा दोन्ही जुन्या आठांच्या वर जाण्याची शक्यता पंचेचाळिसात एक. म्हणजे एका जादा नमुन्याच्या खर्चात केवढी खात्री वाढते बघा. पहिला नमुना गढूळ होता का तेही विचारा, धातूंसाठी बाटलीत ॲसिड घालतात आणि गाळ असेल तर त्या मातीतलं निकेल विरघळून आकडा फुगतो. दुसऱ्या खेपेला गावातला एक माणूस समोर उभा ठेवा, वेळ, पातळी, पाण्याचा रंग लिहून घ्या. आणि तो रिपोर्ट येईपर्यंत त्या विहिरीचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला वापरू नका. उकळून धातू जात नाहीत, पाणी आटलं की उलट जास्त होतात, हे घराघरात आत्ताच सांगा.